मास्तरांची आखूड क्यू

१

क्यू पाच सेंटिमीटरने आखूड भरली.

पूल खेळायची ती काठी मी पुन्हा मोजली. टेबलावर पट्टी चिकटवलेली होती, क्यूचे दोन्ही भाग सांध्यात घट्ट पिळलेले होते, आणि आकडा तोच आला: एकशे बेचाळीस पूर्णांक तीन. समोरच्या पिवळ्या कार्डावर बारा वर्षांपूर्वी आमच्याच कोणीतरी सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं: एकशे सत्तेचाळीस पूर्णांक तीन. वजन ५४० ग्रॅम. माझ्या काट्यावर ते ४५१ आलं.

लाकूड आखडतं, हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी शिकले होते. पण ते आडवं आखडतं. लांबीत पाच सेंटिमीटर आखडणारं झाड अजून उगवायचं आहे.

"काय झालं?" समोर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं.

ते मास्तरांचे थोरले चिरंजीव. मास्तर म्हणजे पूलच्या खेळातलं या शहरातलं सर्वांत मोठं नाव; वीस वर्षं विजेतेपद त्यांच्याच घरात होतं. दीड महिन्यापूर्वी ते गेले. त्यांची क्यू ज्याने घडवली तो कारागीर त्यांच्याही आधी गेला होता, आणि त्याच्या हातच्या क्यू आता जगात मोजक्याच उरल्या आहेत. जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या आमच्या कंपनीत लाकडी वस्तूंची ओळख पटवणं आणि किंमत ठरवणं हे माझं काम.

मी त्यांना दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी कार्ड उचलून दोनदा वाचलं.

"म्हणजे ही बाबांची नाही."

"तसं मी अजून म्हटलेलं नाही."

"तुम्ही नका म्हणू, मी म्हणतो." त्यांचा आवाज चढला. "बाबा आजारी पडले तेव्हापासून ही क्यू रंधाकाकाकडे होती. दुरुस्तीला म्हणे. दीड वर्ष! काय दुरुस्ती करत होता, नवीन झाड लावलं होतं का? बाबा गेल्यावर मी मागितली, तेव्हा दोन दिवस काचकूच केली आणि मग ही पेटी आणून ठेवली."

"पेटी उघडून बघितली नाहीत?"

"बघितली. पण मॅडम, आमच्या घरात त्या क्यूला कोणी हात लावत नसे. मी नाही, ताई नाही, आई होती तेव्हा आईही नाही. हातात धरून ती कशी लागते हेच मला माहीत नाही. कोणीही कसलाही दांडका आणून ठेवला असता, तरी मी पाया पडलो असतो."

केबिनच्या दारात आमच्या बाई येऊन उभ्या होत्या. कंपनी त्यांची, पण इथे सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. त्यांनी चष्म्यावरून क्यूकडे पाहिलं.

"उद्या चार वाजता अहवाल देते ही," त्या म्हणाल्या. "तोवर थांबाल?"

"चारपर्यंत थांबतो," थोरले उठत म्हणाले. "सव्वाचारला पोलिसांत जातो. आणि त्या माणसाला या शहरात पुन्हा कोणी काठीला साधं पॉलिशही करायला देणार नाही, हे मी बघतो."

२

रंधाकाकांचं वर्कशॉप पूल हॉलच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाला होतं. लिफ्टमध्ये पाटी होती: पहिला मजला फिजिओथेरपी, दुसरा पूल हॉल. हॉलचं दार पुढून, वर्कशॉपचं लिफ्टजवळून.

सत्तरीचा, काटक माणूस. हातात सदा रंधा, म्हणून ते नाव. मी गेले तेव्हा ते एका क्यूची पुढची कांडी उजव्या हाताने घासत होते, आणि मान वर न करता म्हणाले, "मोजलीस ना? मला वाटलंच."

"काका, ती क्यू मास्तरांची आहे?"

"मास्तरांचीच."

"मग आखूड कशी?"

"कापली म्हणून."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. "कोणी?"

"या हातांनी. मागून पाच सेंटिमीटर. आतला वजनाचा बोल्ट काढला, बुडाला नवीन टोपी बसवली, मुठीवरचा दोरा नवीन गुंडाळला. काम चोख झालंय. बघ, सांधा दिसतो का कुठे."

"पण का? अशा क्यूची किंमत तिच्या मूळ स्थितीत असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

काकांचा हात थांबला. खोलीत एक जुनं सरावाचं टेबल होतं, छोट्या मापाचं. त्याच्या कडेशी निळ्या रंगाची, हात असलेली लोखंडी खुर्ची होती. टेबलावर मुठीएवढा एक लाकडी ठोकळा होता, वरून इंग्रजी व्हीसारखी खाच पाडलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसं काकांनी त्यावर हातातलं फडकं टाकलं.

"हे कशासाठी?"

"काठ्या टेकवायला. पोरी, चहा घेणार?"

"काका, उद्या चारनंतर ते पोलिसांत जाणार आहेत."

"जाऊ दे."

"पन्नास वर्षांचं नाव आहे तुमचं."

"बावन्न." त्यांनी फडकं नीट पसरलं, कडा खाली ओढल्या. "तू तुझ्या कागदावर लिही की रंध्याने काठी बिघडवली. खोटं नाही ते. चोर म्हणायचं असेल तर तेही लिही. कशासाठी कापली, ते तेवढं विचारू नकोस. ते माझं नाही सांगायला."

३

हॉलचा मालक बोलका निघाला. इतका, की मला प्रश्न विचारायला फटच मिळेना.

"मास्तर आजारी पडल्यावर इथे एकदाही आले नाहीत, मॅडम. अर्धांग झालं ना त्यांना, उजवी बाजू गेली. मी घरी भेटायला गेलो तर म्हणाले, हॉलमध्ये मला आता कोणी बघणार नाही. त्यांनी शब्द पाळला. त्यांचा पाय या दाराला पुन्हा लागला नाही."

"रंधाकाका कसे वाटतात?"

"सोन्यासारखा माणूस. असं मी गेल्या वर्षीपर्यंत म्हणालो असतो." तो पुढे झुकला. "सकाळी नऊला मी हॉल झाडून घ्यायला येतो. दहाला उघडतो. तर गेलं वर्ष-सव्वा वर्ष आठवड्यातून चार दिवस, नऊ ते दहा, त्याच्या खोलीला आतून कडी. आधी कधी दार लावायचा नाही हो! आणि आतून आवाज. टक्. मग सगळं शांत. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा टक्. मी विचारलं, काय ठोकतोस रे? तर म्हणाला, खिळे."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"हुबेहूब दुसरी काठी बनवत होता, आणखी काय. दार लावून माणूस काय भजनं म्हणतो?"

"आणि आता? अजून लावतो दार?"

मालक विचारात पडला. "नाही. अलीकडे नाही." त्याने बोटं मोजली आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर गेले तेव्हापासून बंद झालं ते."

४

दुपारी मी क्यू सूक्ष्मदर्शकाखाली घेतली.

अशा क्यूच्या जाड भागात गडद लाकडाचे चार टोकदार भाले फिक्या लाकडात जडवलेले असतात. यंत्रावर कापले तर चारही एका उंचीवर येतात. हाताने कापले की थोडे मागेपुढे होतातच. कार्डावर चारही भाल्यांची सांध्यापासूनची अंतरं होती: ६१, ६४, ६२ आणि साडेसहासष्ट मिलिमीटर. माझी मापं तीच आली. ही अंतरं एखादा बनावट करणारा जुळवू शकतो. पण कार्डासोबत सांध्याजवळच्या लाकडाचा मोठा करून काढलेला फोटो होता, आणि त्यात मेपलच्या वर्षरेषा स्पष्ट दिसत होत्या. एक रुंद, तीन अरुंद, मग एका बारीक गाठीला वळसा घालून गेलेली एक. झाडाने काढलेली ती नक्षी माणसाला पुन्हा काढता येत नाही.

मी एकेक रेषा जुळवली. सगळ्या जुळल्या.

"खरी आहे," मी बाईंना जाऊन सांगितलं. "काका खोटं बोलले नाहीत. दुसरी क्यू कधी नव्हतीच."

"अगं शास्त्रज्ञ, मग ते वाईटच झालं की," बाई म्हणाल्या. "चोरीला गेली असती तर शोधता आली असती. आता किंमत काय?"

"कार्डावरच्या किमतीचा बारावा हिस्सा. फार तर."

"आणि एवढा जाणता कारागीर मुद्दाम असं करतो? द्वेषाने?"

पण मला आणखी तीन गोष्टी दिसल्या होत्या, आणि त्यांतली पहिली मला स्वस्थ बसू देत नव्हती.

त्या कारागिराच्या क्यूवर एक छोटी मोहोर असते आणि मास्तर ती कायम वरच्या बाजूला ठेवून खेळत, असं कार्डावर लिहिलं होतं. त्यामुळे त्यांची मूठ चाळीस वर्षं एकाच जागी पडली. कार्डासोबतच्या मुठीच्या जुन्या फोटोत अंगठ्याचा काळपट ठसा मोहोरेच्या डावीकडे होता. उजव्या हाताने क्यू धरली की अंगठा शरीराच्या बाजूला, म्हणजे डावीकडेच येतो. आता नवीन दोऱ्यावर तसाच ठसा होता, पण उजवीकडे.

"उलटा छापलेला फोटो बघून कोणी मुद्दाम डाग पाडला असेल," बाई म्हणाल्या.

"पाडलेला डाग वरवर असतो. हा घाम आहे, मिठाचे कण आहेत, दोऱ्याच्या गाभ्यापर्यंत मुरलेले. दोरा बदलल्यानंतर कोणीतरी ही क्यू महिनोन् महिने धरलीय. डाव्या हाताने."

दारावर टकटक झाली. थोरले परत आले होते. सकाळी क्यू आमच्या ताब्यात दिल्याच्या पावतीवर सही राहिली होती. त्यांनी माझं पेन घेतलं आणि सही केली.

डाव्या हाताने.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "तुम्ही डावखुरे आहात?"

"जन्मापासून. म्हणून तर मला खेळायला मिळालं नाही." ते कोरडं हसले. "सात वर्षांचा असताना बाबांकडे हट्ट धरला, शिकवा म्हणून. दोन दिवस शिकवलं. मग म्हणाले, डावखुऱ्याला शिकवणं म्हणजे आरशात बघून दुसऱ्याची दाढी करणं. मला जमायचं नाही. संपलं माझं शिक्षण."

५

रात्रभर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मोजायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेले. आधी थोरल्यांना विनंती केली, की त्यांनी पंजा कागदावर ठेवावा. ते चिडले, पण ठेवला. बोटांच्या बुडाशी पंजाची रुंदी शहाण्णव मिलिमीटर. मुठीवर झिजलेला पट्टा ब्याऐंशीचा होता. ते बाहेर निघून गेले, तेव्हा मला हायसं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

मग त्यांची बहीण आली. पस्तिशीची, शांत. घरात तिला सगळे ताई म्हणतात, तसंच मीही म्हणाले.

"रंधाकाका चोर नाहीत," ती बसायच्या आत म्हणाली. "दादाला राग कोणावर तरी काढायचाय. बाबांवर काढता येत नाही आता."

"मास्तरांचे शेवटचे दिवस कसे गेले?"

"उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. कोणी मदतीला गेलं की चिडायचे. मी ऑफिसातून अर्धा दिवस सुटी काढून यायचे, तर म्हणायचे, तमाशा बघायला आलीस? जा." ती थांबली. "पण गेल्या वर्षी जरा निवळले. फिजिओथेरपीने फरक पडला असावा. आठवड्यातून चार सकाळी जायचे. दादा गाडीने घेऊन जायचा. लिफ्टपर्यंत हात धरून न्यायचा, पण पुढे नाही येऊ द्यायचे. बाबा आत एकटेच."

"कुठली फिजिओथेरपी?"

"हॉलच्याच इमारतीत की. पहिल्या मजल्यावर."

मी तिच्याकडे मास्तरांचं एखादं मोजमाप मागितलं: हातमोजा, अंगठी, काहीही. तिने पदकांच्या पेटीतून एक काळा, पातळ हातमोजा आणला. पूलचे खेळाडू क्यू ज्या हातावरून सरकवतात त्या हातात तो घालतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा मोजा डाव्या हाताचा असतो.

डाव्या पंजाची रुंदी ब्याऐंशी मिलिमीटर भरली.

मी पहिल्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीत फोन लावला. पलीकडच्या बाईंना मास्तर चांगले आठवत होते.

"फार वाईट वाटलं ऐकून," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे ते तीनच आठवडे आले हो. नंतर म्हणाले, मला दुसरीकडे जास्त चांगला व्यायाम मिळालाय."

६

चारला पाच मिनिटं कमी असताना रंधाकाका मला जिन्यात भेटले. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. धुतलेला शर्ट, ओले करून विंचरलेले केस.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कठड्याला धरलं.

"कळलंय तुला."

"हो."

"मग गप्प बस. मी त्यांना शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय काका. मी नाही दिलेला."

"बावन्न वर्षांचं नाव माझं आहे ना? मग ते मी घालवायचं की ठेवायचं, हे तू कोण ठरवणार?"

हा प्रश्न बरोबर होता. मी एवढंच म्हणाले, "त्या दोघांना वाटतंय, शेवटी बाबांना आपण नकोसे झालो होतो. तेही तसंच ठेवायचं?"

काकांनी कठडा सोडला. मी दार उघडलं.

आत टेबलाच्या एका बाजूला थोरले आणि ताई, दुसऱ्या बाजूला बाई. मधे क्यू. काका दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी उभी राहूनच सांगितलं. आधी वर्षरेषा, म्हणजे क्यू मास्तरांचीच. मग किंमत. बारावा हिस्सा ऐकून थोरले म्हणाले, "म्हणजे चोरली नाही, वाट लावली."

"बदलली," मी म्हणाले. "आणि कशी बदलली ते बघा. वजन कमी केलं, म्हणजे ज्याच्या हाताला ताकद कमी किंवा सवय नाही अशा माणसासाठी. लांबी कमी केली. बुडाच्या नव्या टोपीवर ओरखडे आहेत आणि त्यांत निळ्या रंगाचे कण अडकलेत. काकांच्या टेबलाशी निळी लोखंडी खुर्ची आहे, हात असलेली. क्यू मागे घेताना बूड खुर्चीच्या हातावर आपटत होतं, म्हणून ती कापावी लागली, आणि कापल्यावरही कधीकधी आपटलीच. म्हणजे खेळणारा बसून खेळत होता. त्याला उभं राहून वाकता येत नव्हतं."

ताईचा हात तोंडाशी गेला. थोरल्यांना अजून समजलं नव्हतं.

"पुढच्या कांडीवर खालच्या बाजूला दोन समांतर रेघा आहेत. बोटांवरून सरकलेली कांडी सगळीकडून गुळगुळीत होते. ही लाकडाच्या खाचेतून सरकत होती. काकांकडे तसा ठोकळा आहे. म्हणजे खेळणाऱ्याचा दुसरा हात कामाचा नव्हता. आणि जो हात कामाचा होता, तो डावा होता. त्याची रुंदी ब्याऐंशी मिलिमीटर."

"माझी तर शहाण्णव..." थोरले म्हणाले आणि अडखळले.

"हॉलच्या मालकाला सकाळी नऊ ते दहा टक् असा आवाज यायचा. मग दोन-तीन मिनिटं काही नाही. खुर्ची सरकवायला, ठोकळा लावायला, नेम धरायला तेवढा वेळ लागतो. चार दिवस. मास्तर चार दिवस फिजिओथेरपीला जायचे, पण तिथे ते तीन आठवड्यांतच थांबले होते. लिफ्टमध्ये एकाऐवजी दोन दाबलं की हॉलचं दार टाळून थेट काकांच्या दाराशी जाता येतं."

मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, पण ते म्हणावं लागलं नाही.

"बाबा," थोरले म्हणाले. "डाव्या हाताने."

"का नाही सांगितलं आम्हाला?" ताईने काकांकडे वळून विचारलं. आवाजात राग होता. "मी आले नसते का? बसले नसते का तिथे?"

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती. मग ते तिच्याशी बोलू लागले.

"तेच नको होतं त्यांना, ताई. म्हणाले, रंध्या, मला चुकताना कोणी बघितलेलं नाही. पोरांनी तर नाहीच नाही. तुझ्याशिवाय कोणाला कळलं तर परत येणार नाही. काय करणार होतो मी? ते आले नसते तर महिन्याभरात संपले असते. मी दार लावून घेतलं." त्यांनी नाक पुसलं. "काठी कापताना म्हटलं, मास्तर, हिची किंमत जाईल. तर म्हणाले, मी असेपर्यंत ती खेळायला आहे, विकायला नाही."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. मग थोरल्यांना विचारलं, "पोलिसांचं काय करायचं?"

थोरल्यांनी नुसती मान हलवली. तोवर सव्वाचार होऊन गेले होते. त्यांनी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदा काकांकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी विचारलं, "कसे खेळायचे?"

"वाईट," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे फार वाईट. पहिले चार महिने रंगीत बॉल एकीकडे, तर पांढरा भलतीकडे. एकदा तर बॉल उडून माझ्या सरसाच्या डब्यात पडला. असं कोण खेळतं? आणि हसायचे वर. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे."

"बाबा?" ताई म्हणाली. "चुकल्यावर हसायचे?"

"मी पन्नास वर्षांत नव्हतं बघितलं ते. शेवटी शेवटी जमायला लागलं होतं बरं का. सलग तीन बॉल पाडले एकदा. पण डावं मनगट वळायचं त्यांचं, नेम सुटायचा. मला काय कळतंय त्यातलं, मी काठ्या करणारा. तर एक दिवस म्हणाले, हे थोरल्याला विचारायला पाहिजे, डावखुऱ्याचं मनगट कसं राहतं ते. मी म्हटलं, विचारा की, मुलगाच आहे तुमचा. वर बोलवू का? खाली गाडीत बसलाय."

थोरल्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते हलले नाहीत.

"मग?"

"मग काही नाही. उठले, चालायची काठी टेकत खिडकीशी गेले. तिथून पार्किंग दिसतं. उभे राहिले. नंतर बऱ्याच वेळा जायचे तसे. मी आपलं माझं काम करत राहायचो. परत येऊन बसायचे आणि म्हणायचे, चल, लाव बॉल."

"मी तिथेच असायचो," थोरले म्हणाले. "दर वेळी. पूर्ण तासभर. मोबाईल बघत बसायचो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "किती वेळ उभे राहायचे?"

रंधाकाकांनी खरंच आठवून बघितलं. मोजणाऱ्या माणसाला चुकीचं माप सांगायची सवय नसते.

"बराच वेळ," ते म्हणाले.